बर्फाचा डबा मांडीवर: शिरूर ते दौंडचा फुगवटा

"शनिवारी अवकाळी पाऊस सांगितलाय. तुझी गाडी चालू आहे ना?"

गुरुवारी सकाळी रूथचा फोन आला तो असा. कशी आहेस नाही, चहा झाला का नाही. पाऊस येणार म्हणून लोक सहल रद्द करतात, आमची सहल पाऊस येणार म्हणून ठरली. मी हो म्हणाले, कारण दौंडच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे धरणामागे साचून पसरलेल्या पाण्याकाठी, ताजी चिलापी मासळी मिळते हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, मी फिरते ती मुख्यतः खायला.

रूथ माझी कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण. शिरूरला मिशनच्या जुन्या वस्तीजवळ वडिलांबरोबर राहते आणि पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे आणि मे महिन्यात ठणठण गोपाळ. आता चाळिशीला टेकली आहे. जानेवारीत कायम जागेसाठी मुलाखत होती आणि त्याआधी पीएचडीचा प्रबंध सादर झालेला असणं आवश्यक होतं. सोमवारी तिला अंतिम मसुदा गाईडच्या हातात द्यायचा होता. माझं पुण्यात प्रबंध टाइप करून, बांधून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे तो मसुदा माझ्याच हातून गेला होता. शास्त्र मला कळतं असं नाही, पण टाइप केलेलं डोक्यातून जात नाही.

तर विषय असा. तिच्या गाईडचं सगळं काम कोकणातल्या खाड्यांवर. पाऊस कधी लवकर, कधी उशिरा, कधी महिनाभराचा एका दिवसात पडायला लागला की खाडीच्या पाण्यातल्या जिवाणूंच्या वस्तीचं काय होतं, कोणत्या जाती वाढतात, कोणत्या हटतात. वडिलांना सोडून रूथला कोकणात जाऊन राहणं शक्य नव्हतं. मग तिने आपल्या जवळची खाडी शोधली, उजनी धरणाचा फुगवटा. खाडीत नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, इथे वाहती भीमा साचलेल्या पाण्याला भेटते. दोन्हीकडे नदी हात-पाय पसरून थांबते आणि जिवाणूंचा संसार तिथेच बदलतो, असं ती म्हणते.

आणि तिला सापडलं ते भलतंच. पावसाने काठचा गाळ, शेण, शेतातली घाण पाण्यात येते, जिवाणू वाढतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. रूथच्या आकड्यांत अवकाळी पावसानंतर फुगवट्याच्या तोंडाशी जिवाणू घटत होते आणि त्यांच्या जातींचा मेळही बदलत होता. एकदा नाही, दोन वर्षं, दर पावसाला. फक्त वळवाच्या एका पावसाची बाटली उलटी निघाली होती, मोजता येणार नाहीत इतके जिवाणू. झाकण नीट लागलं नसेल म्हणून ती रद्द केली आणि तक्त्यातली ती ओळ तिच्या सांगण्यावरून मीच पुसली. तिसरं प्रकरण वाचून गाईड म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

अडचण एकच. पाऊस काही रूथचं वेळापत्रक बघून पडत नाही. उघडिपीचे नमुने ती स्वतः जाऊन घ्यायची, पण पावसाच्या दिवशी ती हमखास पुण्यात वर्गावर. ते नमुने फुगवट्याकाठचे एक आबा भरून ठेवायचे आणि दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने जाणारा तिचा मामेभाऊ बर्फात घालून आणायचा. परीक्षक विचारणार, बाई, पावसात तुम्ही स्वतः किती वेळा होतात? उत्तर होतं, एकदाही नाही. म्हणून शनिवार. सोमवारच्या आधीचा शेवटचा पाऊस.

शुक्रवार

नगर रस्त्याने शिरूरला जाणार असाल तर पुण्यातून सहाच्या आत निघा. मी आठला निघाले आणि वाघोलीतच माझी जिभेवरची सभ्यता संपली. शिक्रापूरच्या चौकात पुन्हा तेच. रांजणगावला कंपन्यांच्या बसेस ओळीने उभ्या होत्या. देवदर्शन नसलं करायचं तरी इथे चहाला थांबाच, कारण पुढे शिरूरपर्यंत मला तरी बरा चहा मिळाला नाही. टपरीवर गणवेशातले दोघं उभ्यानेच वडापाव खात होते.

"उद्या ओव्हरटाइम हाय का रं?"

"हाय. आन् पाऊसबी हाय म्हंत्यात. कांदा उघड्यावर पडलाय घरी."

"मग सुट्टी टाक की."

"टाकली आस्ती. सायेब म्हनला, पाऊस पडंपतूर कोन सुट्टी देतंय?"

शिरूरला पोचले तेव्हा रूथ अंगणात बाटल्या मोजत होती. निर्जंतुक केलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी एक सहज उचलली तर माझ्या हातावर चापट बसली. तिचे वडील, ज्यांना मीही आप्पाच म्हणते, व्हरांड्यातून म्हणाले, "हात लावू नको बाई. मला दोन वर्षांत लावू दिला नाही."

त्यांच्याकडे वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि ताक असं जेवण झालं. जेवताना रूथ तीनदा उठून आभाळ बघून आली. आप्पा हळूच मला म्हणाले, "पोरगी तीन वर्षं सणावाराला घरी नसते. सोमवार एकदाचा होऊ दे." संध्याकाळी घोडनदीच्या पुलावर आम्ही चक्कर मारली. पाण्यावरून गार वारा येत होता आणि पश्चिमेला ढग काळे झाले होते. रूथ इतकी खूश मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

शनिवार

पाऊस रात्रीच झाला होता आणि सकाळीही चालू होता. सातला निघालो. शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावजवळ भीमेचा पूल, मग चौफुला आणि पाटसवरून दौंड. रस्ता एरवी बरा आहे. पण दिवाळीनंतर कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात आणि कडेच्या साइडपट्ट्या चिखल झालेल्या असतात. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. या दिवसांत इकडे याल तर ठरवलेल्या वेळेत एक तास जास्त धरा. चौफुल्याला मिसळ खाल्ली, तिखट आणि झकास, दोघींची मिळून दोनशेच्या आत. रूथने पाव अर्धा टाकला.

भीमेचं पाणी पुलावरून पाहिलं तेव्हाच ते चहासारखं झालं होतं. "बघ," रूथ म्हणाली, "एवढा गाळ आणि तरी जिवाणू कमी. पटत नाही ना? मलाही पटत नव्हतं. म्हणून मला ते स्वतः बघायचंय."

दौंडच्या मासळी बाजारातून बर्फ घेतला. बर्फवाला डब्यात बाटल्या बघून म्हणाला, "औषध हाय का, ताई?" रूथ म्हणाली, "पाणी आहे." तो बर्फ देताना आमच्याकडे जरा जपून बघत राहिला.

फुगवट्याकाठच्या गावात पोचायला अकरा वाजले. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसात छोटी गाडी नेऊ नका. मी नेली, पण माझ्या अकलेचा आदर्श ठेवू नका.

आबा छपरात वाट बघत बसले होते. पासष्टीचे असतील. डोक्याला पटका, अंगात नातवाचं रेनकोटाचं जाकीट. पूर्वी घरची मेंढरं होती, ती घेऊन लांबलांब जायचे. आता चार एकर ऊस आणि फुगवट्यावर मोटर. धरणाचं पाणी खाली जाईल तशी ती मोटर पुढे सरकवावी लागते, वाढलं की मागे आणावी लागते, म्हणून दिवसातून दोन खेपा पाण्यावर होतातच. रूथने त्यांना निवडलं ते याच कारणाने.

"म्याडम, आज सोता आलासा? एवढ्या पावसात?"

"आज मीच भरणार, आबा. तुम्ही फक्त होडीत बसवा."

"बसवतो की. पर बाटल्या भिजत्याल बघा."

दोघं पाण्याकडे गेले. मला चिखलात जायची हौस नव्हती. मी घरात मंगलकडे, म्हणजे आबांच्या सुनेकडे, चुलीशी बसले. तिने चिलापीला मीठ-हळद लावून ठेवलं होतं. दारातून पाणी दिसत होतं, तांबडं आणि रुंद. त्यावर आबांची होडी पेरूएवढी दिसत होती. मला भीती वाटत होती ती रूथ पडेल याची. तिला पोहता येत नाही.

"प्यायला पानी देते हां ताई, जरा दम धरा," मंगल म्हणाली. "पाऊस झाला की आमचं पानी आसं येतंया." कोपऱ्यात हंडा होता. तिने फडताळातून तुरटीचा खडा काढला आणि हंड्यातल्या पाण्यात आठदहा वेढे फिरवला. गाळ गोळा होऊन खाली बसायला लागला. "घटकाभरात काचंवानी व्हतंय."

मी नुसतं विचारायचं म्हणून म्हणाले, "रोज असं करता?"

"रोज न्हाई. गढूळ आलं तवाच. म्याडमच्या बाटल्यांचं पानीबी आबा आसंच निवळून भरत्यात की."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कुठल्या बाटल्यांचं?"

"त्याच की. पुन्याला जातात त्या. आबा घागरीत आनत्यात, धोतराच्या चौपदरी फडक्यातनं गाळत्यात, तुरटी फिरवत्यात आन् वरचं नितळ तेवढं बाटलीत. मला हात लावू देत न्हाईत. म्हंत्यात, शिकल्याली बाई हाय, एवढ्या लांबनं पानी मागवती, तिला गढूळ कसं द्यायचं?"

तुरटी गाळ खाली बसवते हे सगळ्यांना माहीत आहे. गाळाला चिकटलेले जिवाणूही त्याच्याबरोबर खाली जातात, हे मी दुसऱ्या एका मुलीच्या प्रबंधात टाइप केलं होतं. तिसरं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहिलं, सगळे तक्ते, सगळे आलेख. जिवाणू घटत होते ते पावसाने नव्हे, आबांच्या मायेने. मंगल माझ्याकडे बघत होती. "काय झालं ताई? चूल लागतीय का?"

मी म्हणाले, धूर डोळ्यांत गेला.

अर्ध्या तासाने रूथ आली ती नखशिखांत भिजलेली आणि आनंदात. चार बाटल्या, चार चिठ्ठ्या, वेळ लिहिलेली. पाणी भरल्यापासून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवं. आम्ही चिलापी आणि भाकरी खाल्ली. मासा ताजा होता, तळलेला कुरकुरीत होता, लोक खास त्यासाठी येतात आणि यावंच. मला त्याची चव आठवत नाही. आबा रूथच्या ताटात मोठा तुकडा वाढत होते आणि विचारत होते, "आमच्या पान्यात काय गवसलं म्याडम? चांगलं निघालं न्हवं?"

"खूप चांगलं निघालं, आबा. तुमच्यामुळे."

ते असे काही हसले की मी खाली ताटात बघितलं.

गाडीत बर्फाचा डबा रूथच्या मांडीवर. मागे ठेवला तर खड्ड्यांत बाटल्या हलतात म्हणे. ती बोलत होती, जानेवारीबद्दल, कायम झाल्यावर आप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. मी गाडी चालवत होते. इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर सोमवार गेला, जानेवारी गेला, कदाचित नोकरीच गेली. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? मंगलला कळत नव्हतं, आबांना नाही, परीक्षकांना नाही. आजचे चार नमुने उलटे निघाले असते, ते तिने आणखी एक अपवाद म्हणून बाजूला ठेवले असते. चाळीस मिनिटं मी गप्प राहिले. मी घड्याळात बघत होते म्हणून नेमकं सांगते. त्या चाळीस मिनिटांतली निदान तीस मी खरोखर ठरवलं होतं की सांगायचं नाही.

दौंडच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. दोन्ही बाजूंनी रांगा. ट्रॅक्टरवाले उतरून ऊस गोळा करत होते, पाऊस थांबून थांबून येत होता. रूथने घड्याळ बघितलं. "सहा तासांतला एक गेला. तू अशी का गप्प? मासा बाधला का?"

मग मी सांगितलं. हंडा, खडा, फडकं, वरचं नितळ पाणी. रस्त्याकडे बघूनच सांगितलं.

पुढची गाडी हलली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी गाडी तशीच उभी ठेवली. मग तिने विचारलं, "प्रत्येक वेळी?"

"मंगल म्हणाली, गढूळ असेल तेव्हा."

"पावसात ते नेहमीच गढूळ असतं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे तक्ता तीन, चार, सहा. म्हणजे सगळंच." ती डब्याच्या झाकणावर कपाळ टेकून बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. डोकं वर केलं आणि म्हणाली, "गाडी वळव."

"वेळ जाईल, रूथ. हे तरी नमुने..."

"वळव म्हणाले ना. कोरड्या बाटल्या आहेत अजून दोन."

वाटेत ती एकच वाक्य बोलली, "आबांना काही बोलू नकोस, मी बोलेन." मला धाकधूक होती ती त्याचीच. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेलेलं माणूस काय बोलेल याचा नेम नाही आणि समोर दारात बसलेले आबा.

आम्हाला परत आलेलं बघून ते घाबरून उठलेच. "काय इसरलं का?"

"नाही, आबा. पावसाच्या दिवशी तुम्ही पाणी कसं भरता ते मला बघायचंय. जसं दर वेळी करता तसंच करा."

त्यांनी केलं. अगदी मन लावून. घागर पाण्याच्या कडेला न भरता छातीएवढ्या पाण्यात जाऊन भरली, कारण रूथनेच सांगितलं होतं की काठाचं पाणी नको. धुतलेलं पांढरं फडकं. तुरटीचे मोजून बारा वेढे. घागरीवर झाकण. घटका भरेपर्यंत ते तिच्याशेजारी उकिडवे बसून राहिले. मग बाटलीचा कागद काढला, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता उघडली, भरली, बंद केली. कोणत्याही प्रयोगशाळेत इतका जपून हात मी पाहिलेला नाही. रूथ सगळं वहीत लिहून घेत होती, वेढेसुद्धा. पेन चालत होतं पण ओठ घट्ट मिटलेले होते.

"कधी असं न करता दिलं का, आबा?"

आबा ओशाळले. "येकदा झालं तसं. तुमास्नी सांगनार न्हवतो. वळवाच्या पावसात घरातली तुरटी सपली व्हती आन् तुमच्या भावाच्या रेल्वेची यळ झालती. तसंच भरून दिलं, नुसतं चिखलाचं. मला रातभर चैन पडलं न्हाई. तवापासनं घरात दोन खडं ठेवतो."

रूथने पेन खाली ठेवलं. झाकण लागलं नसेल म्हणून आम्ही जी बाटली रद्द केली होती, ती दोन वर्षांतली पावसाची एकमेव खरी बाटली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मला वाटतं, दोघींनाही त्या क्षणी हसायचं होतं की ओरडायचं होतं ते कळलं नाही.

"आबा," ती सावकाश म्हणाली, "मला तेच पाहिजे होतं. चिखलाचं. जसं असेल तसं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा हात गुडघ्यावर थांबला. "म्हंजी मी निवळून दिलं ते..."

"ते पाणी नदीचं राहिलं नाही."

"समदं?"

"हो."

मंगल दारात उभी होती, ती आत गेली. आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मेंढरामागं हिंडायचो, तवा रानात पाव्हना आला तर आमची आई लुगड्याच्या पदरातनं गाळून द्यायची. म्हनायची, उपाशी ठेव पर कुनाच्या हातात गढूळ देऊ नगं. मी तुमचं वाटुळं केलं म्हना की."

"तुम्ही नाही, आबा. बाटली कशी धरायची, झाकण कसं उघडायचं, सगळं मी शिकवलं. पाणी कसलं हवं हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" आता मात्र तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसलेही नाहीत.

आबांनी काय केलं असेल? ते उठले, दुसरी बाटली घेतली आणि पाण्यात शिरले. या वेळी बाटली थेट पाण्याखाली धरून भरली, तांबड्या पाण्याची. ती तिच्या हातात देताना मात्र त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

एक नितळ, एक गढूळ, एकाच जागची, एकाच वेळची. दोन्ही डब्यात ठेवल्या. पावणेतीन वाजले होते, प्रयोगशाळा साडेपाचला बंद होते आणि शनिवारी त्यानंतर कोणी थांबत नाही. दौंड, पाटसचा टोलनाका, यवत, उरुळी. सोलापूर रस्ता रुंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पावसात ट्रक डाव्या बाजूने येतात. लोणीला पूर्ण थांबलो. हडपसरला मी असे काही शब्द वापरले जे या ब्लॉगवर येणार नाहीत. रूथ डब्यात हात घालून बर्फ किती उरलाय ते चाचपत होती आणि दर पाच मिनिटांनी "आहे" एवढंच म्हणत होती. पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पहारेकऱ्याने कुलूप हातात घेतलं होतं. ती डबा छातीशी धरून धावली, मी गाडीतच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

घरी आल्यावर

सोमवारी सकाळी रूथचा निरोप आला. गढूळ बाटलीत जिवाणू इतके होते की मोजता येत नव्हते. नितळ बाटलीतले आकडे तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्याशी हुबेहूब जुळत होते. ती मसुदा न घेताच गाईडकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, किमान एक वर्ष आणखी. जानेवारीची मुलाखत झाली, ती जागा दुसऱ्याला मिळाली. चांगला मुलगा आहे, असं रूथच म्हणाली. आप्पांचं ऑपरेशन पुढे गेलं. यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर ती चाळीस मिनिटं. मला वाटायचं मी तोंडाने फटकळ आहे म्हणजे खरी आहे. तसं नाही. ट्रॉली उलटली नसती तर मी कदाचित पुण्यापर्यंत गप्पच आले असते आणि पुढे जन्मभरही. रूथला हे सांगितलं. ती म्हणाली, "पण सांगितलंस ना?" मला त्याने बरं वाटलं नाही, पण ती मनापासून म्हणाली होती.

जायचं असेल तर जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उघडीप बघून, सकाळी लवकर. चिलापी खा, पक्षी बघा, उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहा. मला अनेकांनी त्या गावाचं नाव विचारलंय, ते इथे का नाही तेही सांगते.

गेल्या आठवड्यात पुन्हा अवकाळी झाला. रूथ माझ्या दुकानात होती, तिचा फोन वाजला, तिने स्पीकर लावला. आबा होते.

"म्याडम, पाऊस झालाय. बाटली भरलीया. लई घान हाय वो. तशीच देऊ?"

"तशीच द्या, आबा."

पलीकडे पावसाचा आवाज येत होता.

"देतो. पर येक करा. ते आमच्या गावचं पानी हाय आसं कुनाला सांगू नगा."

नाही सांगणार, असं आम्ही दोघींनी त्यांना कबूल केलंय.